हाक मारली की हरणी उलट्या दिशेला पळते – मोठ्या वयाचं कुत्रं घेतलेल्यांनी सल्ला द्या

मांजराकाठ | ४ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

दिवाळी झाल्यावर घरी एक कुत्री आणली. कारवानी आहे, म्हणजे आपली देशी शिकारी जात, वय साडेतीन ते चार. आमच्या शेजारच्या रानात एक तात्या असायचे. पोरगा त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि फ्लॅटमध्ये कुत्रं जमणार नाही म्हणाला. तात्या बाजेवर बसून माझ्याकडं नुसतं बघत होते, मी हो म्हणून मोकळा झालो. बायकोला घरी आल्यावर सांगितलं (तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे).

नाव हरणी. तात्यांनीच ठेवलेलं. घर लातुरात, रान १४ किलोमीटरवर. घरात गरीब गाय आहे. पायाशी बसते, लेकराच्या हातातली पोळीसुद्धा ओढत नाही. पण रानात सोडली की संपलं. तूर उभी आहे, माणूस शिरला तरी दिसत नाही, ती तर काय. आजवर तीनदा सोडली, तिन्ही वेळा गेली. परवा तर लांबच्या बांधावर बसून मला बघत होती. मी "हरणी, हरणी" करून घसा फोडतोय आणि ही कान टवकारून ऐकतेय. मी एक पाऊल पुढं टाकलं की ही दोन पावलं मागं. दीड तास असा गेला. अंधार पडल्यावर आपसूक आली आणि मी रागाच्या भरात दाव्याचे दोन रट्टे दिले.

चुकलं हे मला कळतंय, त्यावर कृपया भाषण नको. पण त्या दिवसापासून घरातसुद्धा "हरणी" म्हटलं की कान मागं पडतात आणि ती सोफ्यामागं जाते.

चुलता म्हणतो, ओलं लाकूड वाकतं, वाळलेलं मोडतं, आता ही शिकत नसते. खरं आहे का?

ज्वारीची_भाकर | ४ डिसेंबर, रात्री १०:५०

भाषण देत नाही, पण त्या रट्ट्यांचा हिशोब तिच्या बाजूनं बघा. तुमच्या मते ते दीड तास न आल्याबद्दल होते. तिच्या मते ती आली आणि मार बसला. कुत्र्याला मागच्या तासाभराची चूक आत्ताच्या फटक्याशी जोडता येत नाही, शेवटी जे केलं त्यालाच ते जोडतं. आणि शेवटी तिनं काय केलं होतं? आली होती.

तेव्हा "हरणी" हा शब्द बोलावण्यासाठी सध्या बाजूला ठेवा. लाडानं घ्या, खाऊ घालताना घ्या, पण रानात त्या नावानं ओरडू नका. बोलवायला कोरा शब्द घ्या, ज्याच्यावर कसलाच डाग नाही. स्वयंपाकघरात ती समोर असताना शब्द उच्चारायचा आणि लगेच तोंडात उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा. तिनं काहीही करायचं नाही. शब्द, तुकडा. दिवसातून दहा-बारा वेळा. आठवडाभर एवढंच.

माझ्याकडं परभणीत दोन आहेत, दोन्ही रस्त्यावरून मोठ्या वयात आलेली. एक सहा वर्षांची होती. शिकली.

उदगीरचा_बाबू | ४ डिसेंबर, रात्री ११:३१

अवो भाऊ, कारवानी हाय ती, लॅब्राडोर न्हाई. आमच्या उदगीरकडं घरटी कारवानी न् पश्मी. ते कुत्रं डोळ्यानं शिकार करतंय. ससा दिसला का त्याच्या कानाचं दार बंद. तुमी हाका मारूलालाव, पर तिला ऐकूच येईना तवा. लई मनाला लावून घेऊ नका.

रोखठोक_नांदेडकर | ५ डिसेंबर, सकाळी ७:०५

कलेजी खाऊ घालून कुत्री बिघडतात. आमच्या वडिलांकडं सहा कुत्री होती, एकालाही तुकडा दाखवून बोलावलं नाही. साखळी, एक आवाज, आणि नाही ऐकलं तर एक फटका. सगळी ऐकायची.

ज्वारीची_भाकर | ५ डिसेंबर, सकाळी ७:४०

@रोखठोक, त्या सहांतली सुट्टी असताना किती यायची आणि साखळीला असताना किती?

रोखठोक_नांदेडकर | ५ डिसेंबर, सकाळी ७:५८

सुट्टी कोण सोडतंय.

गुरांचा_डॉक्टर | ५ डिसेंबर, दुपारी २:१५

😀 वरचं उत्तर फ्रेम करून दवाखान्यात लावावं म्हणतो.

@मांजराकाठ, शिकवण्याआधी तपासून घ्या. कानात घाण, वास, डोकं झटकणं आहे का? रानातल्या कुत्र्यांच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड भरलेली असते. गोचीड ताप अंगात असेल तर जनावर मलूल असतं, खाण्यावर मन नसतं, मग कलेजी काय करणार. रेबीजची लस कधी दिली ते तात्यांना विचारा. कागद नसेल तर दिलीच नाही असं धरून द्या आणि दर वर्षी देत चला. ऑपरेशन झालेलं नसेल तर माजाचे साधारण तीन आठवडे तिला मोकळी सोडायचीच नाही, त्या दिवसांत कसलंही शिक्षण चालत नाही.

दुसरं, पट्टा. कारवानीचं डोकं निमुळतं आणि मान जाड. साधा पट्टा डोक्यावरून सुळकन निघतो. छातीला बांधायचा हार्नेस घ्या. लांब दोरी लावणार असाल तर ती हार्नेसलाच. पूर्ण वेगात पळताना मानेला हिसका बसला तर मणक्याचं काम होतं.

मांजराकाठ | ५ डिसेंबर, रात्री ९:२०

डॉक्टर, पट्ट्याचं अगदी बरोबर. परवा घराबाहेर उसाच्या ट्रॅक्टरचा भोंगा वाजला आणि पट्टा माझ्या हातात, कुत्री गल्लीच्या टोकाला. नशीब, पुढं रस्ता बंद होता. उद्याच हार्नेस बघतो.

कोरा शब्द म्हणून "चल" घेतलाय. आजपासून सुरू.

पुण्यातली_लातूरकर | ५ डिसेंबर, रात्री ९:४४

"चल" नको हो! घरात दिवसातून दोनशे वेळा "चल" म्हणतो आपण. चल जेवायला, चल आंघोळीला, फोन ठेवताना चल ठेवते. त्यातल्या कुठल्या "चल"ला कलेजी मिळते हे तिनं कसं ओळखायचं? असा शब्द घ्या जो एरवी तोंडात येत नाही. आमच्याकडं "पतंग" आहे. गच्चीवर जाऊन "पतंग" म्हणून ओरडते तेव्हा शेजारची पोरं वर बघतात, पण कुत्रा येतो.

उदगीरचा_बाबू | ५ डिसेंबर, रात्री १०:०२

"हुरडा" ठेवा. कुत्रं न्हाई आलं तरी आमी येताव.

मांजराकाठ | १३ डिसेंबर, रात्री ८:३०

आठवड्याचा हिशोब. बँकेत नोकरी असल्यामुळं वहीत नोंद ठेवतोय, हसू नका.

शब्द "हुरडा" ठेवला (बाबू, तुमची रॉयल्टी रानात येऊन घेऊन जा). पहिले पाच दिवस छान गेले. शब्द ऐकला की मान गर्रकन वळते. सहाव्या दिवशी मी गाढवपणा केला. आंघोळ घालायची होती, सापडेना, म्हणून "हुरडा" म्हणालो. आली. सरळ नळाखाली. सातव्या दिवशी त्याच शब्दाला सोफ्यामागून एक डोळा बाहेर आला, बाकीची कुत्री आतच.

पाच दिवसांची जमा एका बादलीत खर्ची पडली.

ज्वारीची_भाकर | १३ डिसेंबर, रात्री ९:१०

सगळ्यांचं होतं. आंघोळ, औषध, गोचीड काढणं, बांधणं, यासाठी बोलवायचं नाही, आपण उठून जाऊन आणायचं. आणि रानात सगळ्यात मोठी चूक "बांधणं"चीच होते. दिवसभर मोकळी, आणि घरी निघायची वेळ झाली की हाक. चार दिवसांत तिला कळतं की हाक म्हणजे मजा संपली. मग ती बांधावर बसून बघते, तुमची बसली होती तशी. दहा वेळा बोलवा, नऊ वेळा खाऊ घालून "जा" म्हणून परत सोडा. दहाव्यांदा बांधा.

अजून एक, हाक एकदाच. दहादा म्हटलं की ती दहाव्याची वाट बघायला शिकते. आली नाही तर तिच्याकडं चालत जाऊ नका, उलट्या बाजूला पळा. कारवानीला पळणारी वस्तू दिसली की राहवत नाही, तुम्हीच ससा व्हा.

मांजराकाठ | २१ डिसेंबर, रात्री १०:४०

मंडळी, आज काय झालं ते सांगतो.

संध्याकाळी तात्यांना फोन लावला, लसीचं विचारायला. (लस दिलेली नव्हती. आता देऊन आणतो.) बोलता बोलता म्हणालो, तात्या, हिला हाक कशी मारायचा तुम्ही, माझ्याकडं येत नाही. पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "हाक? हाक कशाला मारतोय मी. ताटली वाजवायचो की."

जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली. रोज दिवेलागणीला आखाड्यावर (रानातल्या खोपीवर) बसून खुरप्याच्या मुठीनं ताटली वाजवायची आणि दुधात भाकर कुस्करून घालायची. साडेतीन वर्षं रोज. "हरणी" हे नाव ते तिच्याशी गप्पा मारताना घ्यायचे म्हणे, बोलवायला कधीच नाही.

तशीच गाडी काढली आणि रानात गेलो. आखाड्याच्या मागं अडगळीत ताटली सापडली. काठ चेपलेला, मधोमध मारून मारून खळगा पडलेला. घरी आणली. हरणी मागच्या खोलीत झोपली होती. मी अंगणात उभा राहून चमच्यानं वाजवली. आवाज टण्ण नाही, ठक्क असा बोदा येतो.

आतून नखांचा आवाज आला. फरशीवर घसरली, दाराच्या चौकटीला खांदा आपटला, आणि माझ्यासमोर येऊन बसली. बसली म्हणजे कशी, पुढचे पाय अगदी जुळवून, शेपूट जमिनीवर झाडू मारतेय आणि नजर माझ्याकडं नाही, ताटलीकडं. मग एकदा दाराकडं बघितलं. परत ताटलीकडं. परत दाराकडं. मला वाटतं, ती तात्यांना शोधत होती.

दूध-भाकर घातली. बायकोनं स्वतः कुस्करली.

पुण्यातली_लातूरकर | २१ डिसेंबर, रात्री १०:५५

ऑफिसच्या बसमध्ये वाचतेय आणि डोळे पुसतेय.

गुरांचा_डॉक्टर | २१ डिसेंबर, रात्री ११:२०

वा! रशियाच्या शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह साहेबांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामाबद्दल. कुत्र्याची लाळ नुसत्या चाहुलीनं सुटते हे त्यातूनच निघालं. आपले तात्या खुरप्याच्या मुठीवर तेच करत होते.

आता नीट वाचा. ही ताटली म्हणजे साडेतीन वर्षांची ठेव आहे, उधळू नका. पाहुण्यांना गंमत दाखवायला वाजवायची नाही. वाजवली की खायला मिळालंच पाहिजे, एकदाही फसवायचं नाही.

शिवाय गावात, दवाखान्यात, प्रवासात ताटली घेऊन फिरणार का? तेव्हा तिचं वजन नव्या शब्दाला द्या. आधी "हुरडा" म्हणा, दोन सेकंद थांबा, मग ताटली, मग खाणं. क्रम उलटा करू नका. आधी ताटली वाजली तर ती शब्दाकडं लक्षच देणार नाही, कारण बातमी तिला आधीच कळलेली असते. शब्द आधी आला तर तो ताटलीची वर्दी बनतो. काही दिवसांनी ती शब्दावरच उठेल, ताटलीपर्यंत जावंच लागणार नाही.

रोखठोक_नांदेडकर | २२ डिसेंबर, सकाळी ६:५०

हे वाचून आठवलं. आमचे वडील घरी आले की सायकलची घंटी वाजवायचे, सहाच्या सहा कुत्री फाटकात यायची. पिशवीत रोज काहीतरी असायचंच. फटक्यांचं मी लिहिलं, घंटीचं विसरलो होतो.

ज्वारीची_भाकर | २२ डिसेंबर, सकाळी ७:१५

❤️

देवगिरीचा_दगड | २२ डिसेंबर, दुपारी १२:३०

एक वेगळा मुद्दा. तुमच्या भागात काळवीट असतात. कुत्री त्यांच्या मागं लागली तर "पोरखेळ" म्हणून सोडून देऊ नका. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पाठलाग करून हुसकावणंही त्यातच येतं. हौशीनं कारवानी सोडून सशामागं पळवणारे अजून आहेत, त्यांच्या संगतीत जाऊ नका. ज्या रानात कळप उतरतो तिथं दोरी सोडायचीच नाही.

(जाता जाता, टपाल खात्यानं २००५ मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली होती, त्यात आपल्या कारवानीची मुधोळकडची बहीण (मुधोळ हाउंड) आहे. माझ्याकडं अख्खा संच आहे. कुणी विचारलं नाही, तरी सांगितलं.)

मांजराकाठ | ६ जानेवारी, रात्री ९:००

दोरीसाठी दुकानात गेलो तर काहीच्या काही भाव. शेवटी घरचा बैलाचा कासरा काढला, दोन जोडून तीस फूट केले. सुती आहे म्हणून हात कापत नाही. आधी नायलॉनची वापरली होती, तळहातावर अजून पट्टा उमटलेला आहे. कासरा हार्नेसला बांधून जमिनीवर मोकळा सोडतो, हातात धरत नाही, गरज पडली तर टोकावर पाय.

तूर काढून झाली, रान उघडं झालंय, त्याचाही फायदा. "हुरडा" म्हणतो, उलटा पळतो, ती येते.

पण नवीन अडचण. येते, आणि चार फुटांवर थांबते. हात पुढं केला की मान काढून घेते आणि गोल फिरते. म्हणजे हाक पोचली, हात पोचत नाही.

उदगीरचा_बाबू | ६ जानेवारी, रात्री ९:३०

पन्नाशीतला माणूस कासरा वढत धुऱ्यावर पळतोय, मागं कुत्री. गावानं काय म्हणावं.

मांजराकाठ | ६ जानेवारी, रात्री ९:३३

गाव म्हणतं साहेबांना कर्जवसुलीचा ताण आलाय.

ज्वारीची_भाकर | ६ जानेवारी, रात्री १०:१०

चार फूट म्हणजे दाव्याच्या रट्ट्याची लांबी. ती विसरलेली नाही.

घरात बसल्या बसल्या करा. एक हात मानेला हलका लावायचा, दुसऱ्या हातानं तुकडा द्यायचा. हात आधी, तुकडा नंतर. पुढं हार्नेस बोटानं धरायचा, तुकडा, सोडून द्यायचं. रानात खाली बसा, तिच्याकडं तोंड करून नको, जरा आडवं. वरून वाकून हात घालू नका. आणि तुकडा हात लांब करून देऊ नका, आपल्या गुडघ्याला चिकटवून धरा, म्हणजे तिला जवळ यावंच लागेल.

कलेजी रोज फार नको, पोट बिघडतं. उकडलेलं अंडं, पनीर, चिकनचे तुकडे बदलून द्या. कांद्याची भाजी आणि मनुका-बेदाणे मात्र कधीच नाहीत, कुत्र्याला ते विषच आहे.

मांजराकाठ | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४५

सहा आठवड्यांनी येतोय, मार्च जवळ आला की बँकवाल्याला श्वास घ्यायला सवड नसते.

वहीतला हिशोब. गेल्या पंधरा दिवसांत रानात कासरा लावून ३१ वेळा बोलावलं, २८ वेळा आली. कासरा काढून, कुंपण घातलेल्या शेजारच्या मोसंबीच्या बागेत, १२ पैकी ११. उरलेल्या एकदा शेण खात होती.

गेल्या रविवारी खरी परीक्षा झाली. कासरा लावलेला होता, पण माझा पाय त्यावर नव्हता. ज्वारीच्या कडेनं ससा उठला. बाबू म्हणाले ते अक्षरशः खरं, मी "हुरडा" म्हणालो ते वाऱ्यालाच सांगितलं. तीस फूट कासरा सापासारखा सळसळत माझ्यासमोरून गेला. मी परत ओरडलो नाही. ससा नाल्यात उतरून गेला, ही नाल्याच्या काठावर उभी राहिली, जीभ बाहेर, इकडं तिकडं बघत. तेव्हा, म्हणजे तिचे कान परत उघडल्यावर, एकदाच म्हणालो. तिनं मागं बघितलं. नाल्याकडं बघितलं. आणि आली. मी आडवा बसलो होतो, येऊन माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली, धापा टाकत. मानेला हात लावला, हलली नाही. खिशातली अख्खी पिशवी रिकामी केली, आणि बांधायच्या ऐवजी "जा" म्हटलं. गेली नाही, तिथंच आडवी झाली.

सशाच्या बाबतीत ० पैकी ०, असं मी धरतोय. तो हिशोब मी मांडणार नाही, आणि ज्या रानात ससे फार आहेत तिथं कासरा सुटणार नाही.

गुरांचा_डॉक्टर | १६ फेब्रुवारी, रात्री १०:२०

उत्तम. आता ऊन वाढेल. सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. जमिनीवर तळहात टेकवून बघा, आपल्याला टेकवत नसेल तर तिलाही नाही.

पुण्यातली_लातूरकर | १६ फेब्रुवारी, रात्री १०:४१

आणि ताटली? ती अजून वाजवता का?

मांजराकाठ | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

दिवेलागणीला, रोज. ते तिचं जेवण आहे, शिकवणी नाही. तात्यांना रविवारी व्हिडिओ कॉल लावतो तेव्हा त्यांनाही ऐकवतो.

पण ताटलीला मधोमध चीर गेलीय, महिनाभरात फुटणार. म्हणून परवा लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, भांड्यांच्या दुकानात गेलो. मोबाईलवर जुन्या ताटलीचा आवाज रेकॉर्ड करून नेला होता. एकेक ताटली कानाला लावून वाजवत होतो. सगळ्या टण्ण वाजतात, ठक्क एकही नाही. सतराव्या ताटलीला दुकानदारानं विचारलं, साहेब, भजनी मंडळ काढलंय का? मी म्हटलं, नाही, कुत्रीला जेवायला बोलवायचंय. त्यानं काही न बोलता आत जाऊन एक जुनी, पोचे आलेली, मोडीतली ताटली आणली आणि वाजवली.

ठक्क.

वीस रुपये घेतले. जुनी फुटायच्या आत दोन्ही आलटून पालटून वाजवायला सुरुवात केलीय.

उदगीरचा_बाबू | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

आन् हुरड्याचं काय झालं? शिजन संपूलालाय, भाऊ.

मांजराकाठ | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:३२

रविवारी या. पण रानात आल्यावर तो शब्द मोठ्यानं म्हणू नका, अंगावर येईल.